तुरटपणा कुणाचा?

मार्क्वेट द्राक्षांच्या चोथ्यावर मुरलेली सायडर, म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस, पेल्यात ओतली की डाळिंबाच्या रसासारखी दिसते. चाखणारा इथेच चकतो. रंग लाल म्हटल्यावर जिभेला जाणवेल ते सगळं तो द्राक्षाच्या खात्यावर जमा करतो.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये हिवाळ्यात पारा उणे ३० सेल्सिअसपर्यंत उतरू शकतो. पिनो न्वारसारखे नाजूक वेल तिथे टिकणं कठीण. मिनेसोटा विद्यापीठानं अशाच थंडीसाठी संकरित वाण तयार केले. २००६ मध्ये आलेलं मार्क्वेट हे त्यांपैकी एक, पिनो न्वारचं नातवंड. व्हरमाँटच्या बार्नार्ड गावात ‘ला गराजिस्ता’ वाइनरीच्या डिअर्ड्रा हीकिन संकरित द्राक्षांची वाइन करतात, आणि सायडरही.

दोन्ही फळं एकाच शिवारातली असली की वेळापत्रक आपसूक जुळतं. द्राक्षं आधी तोडून, आंबवून पिळली जातात, तोवर उशिराची सफरचंदं तयार होतात. त्यांचा ताजा रस ओल्या चोथ्यावर ओतला की सालींतला रंग आणि गंध त्यात उतरतो, चोथ्यातलं जिवंत यीस्टही कामाला लागतं. काही जण दोन्ही रस एकत्र आंबवतात, तर काही तयार वाइन शेवटी मिसळतात. शेवटच्या पद्धतीत प्रमाण हातात राहतं.

आता घोट. सफरचंदाचा आंबटपणा मुख्यतः मॅलिक आम्लाचा. द्राक्षात त्याच्या जोडीला टार्टारिक असतं. मुरताना जिवाणू मॅलिकचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात, टार्टारिकला मात्र ते सहसा हात लावत नाहीत. म्हणून जुन्या मिश्रणात सफरचंद मऊ पडतं आणि मागे राहणारी धार बरीचशी द्राक्षाची असते.

तुरटपणाचं गणित उलटं आहे. मार्क्वेटमध्ये तुरटपणा देणारं टॅनिन बेताचंच. घोट गिळल्यावर हिरड्या आवळून आल्या, तर बहुधा डॅबिनेटसारखं खास सायडरचं तुरट-गोड सफरचंद त्यामागे असतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीत ही पकड खरखरीत लागते आणि वास दबलेला राहतो. पेल्याचा गारठा जरा उतरू द्यावा, मग पुन्हा चाखावं. द्राक्षातला चेरीचा, मिऱ्याचा वास वर येतो आणि दोन्ही फळांची कामं वेगळी ओळखता येतात.

अमेरिकेच्या संघीय करकायद्यात ‘हार्ड सायडर’चा सवलतीचा दर फक्त सफरचंद आणि पेअरच्या पेयाला मिळतो. द्राक्ष मिसळलं की ती सवलत जाते. तरीही उत्पादक हे मिश्रण करतात, हे मोलाचं आहे. त्यांनी एवढं आणखी करावं: लेबलवर मार्क्वेटच्या शेजारी डॅबिनेटचंही नाव छापावं.