ओल

वडिलांचे पुण्यातील घर विकावयाचे ठरले, तेव्हा दलाल म्हणाला, "प्रोफेसरसाहेब, आधी रंग काढा, जुने सामान हलवा." आम्ही तसे केले. पश्चिमेकडील खोलीत दर पावसाळ्यात भिंतीवर उमटणारी ओलही रंगाखाली झाकली गेली. घर इतके देखणे दिसू लागले की, ते विकावेसे वाटेना!

पुढे एक तरुण जोडपे आले. त्याच भिंतीला हात लावून बाई म्हणाल्या, "पाळणा इथे ठेवू."

विकणाऱ्याने आपणांस ठाऊक असलेला छुपा दोष सांगितला पाहिजे, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम सांगते. परंतु त्या क्षणी आम्हांस कलम आठवले नाही. आठवला तो त्या खोलीतील आईचा खोकला. आम्ही ओल सांगून टाकली.

किंमत थोडी उतरली. पाळणा मात्र पूर्वेच्या खोलीत गेला.