मेंदूवरचं भेटकलम

माझे बाबा डिचोलीत चाळीस वर्षं मानकुराद आंब्याची कलमं बांधत आले. भेटकलमाची फांदी आईझाडापासून तोडायची नसते. रोप तिच्याजवळ न्यायचं, दोघांना बांधायचं, सालीला साल धरेपर्यंत थांबायचं. हेच भेटकलम मुलांच्या मेंदूवर बांधतात, हे मला परवा कळलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला तेच सांगत सुटलो आहे!

पेडण्याला बहिणीकडे गेलो होतो. शेजारची सात वर्षांची मुलगी हुंदके देऊन रडली की तिचा उजवा हात लुळा पडायचा आणि पाच-दहा मिनिटांत पूर्ववत व्हायचा. तपासण्यांत आजाराचं नाव निघालं: मोयामोया.

मेंदूकडे जाणाऱ्या दोन मोठ्या धमन्या कवटीत शिरल्यावर टोकाशी अरुंद होत जातात. मग तळाशी बारीक वाहिन्यांचं जाळं फुटतं आणि अँजिओग्राफीत ते धुरासारखं दिसतं. म्हणून 1969 मध्ये सुझुकी आणि ताकाकू या जपानी डॉक्टरांनी ‘धुरकट’ अशा अर्थाचं हे नाव रूढ केलं. आणि रडण्याचं कोडं? रडताना श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या वाहिन्या आकसतात. फुगा फुगवताना, गरम पेज फुंकतानाही तेच!

आता कानापुढे बोट ठेवा. उडते ना नाडी? ती कानशिलाची धमनी. सर्जन तिची दोन्ही टोकं तशीच ठेवून मधला भाग सोडवतात, कवटीला खिडकी पाडतात आणि ती जिवंत धमनी मेंदूवर टेकवतात. रक्ताला आसुसलेला मेंदू मग स्वतःच तिच्यातून नव्या वाहिन्या ओढून घेतो. मोठ्या मुलांत धमनी थेट मेंदूच्या धमनीला, केसाहून बारीक धाग्यानं, शिवताही येते. असा पहिला बायपास यासारगिल यांनी 1967 मध्ये झुरिकला केला.

अरुंद धमनी यानं रुंद होत नाही, मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. म्हणूनच घाई हवी. मुलाचा हात, पाय किंवा तोंडाची एक बाजू क्षणभर जरी लुळी पडली, तरी ‘बरं झालं’ म्हणून घरी थांबू नका. 108 ला फोन करा, बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) गाठा.

त्या मुलीचं ऑपरेशन ठरलं आहे. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी कानापुढे बोट ठेवलं, बराच वेळ नाडी मोजली आणि विचारलं, “लागायला किती दिवस?”

“काही महिने.”

“मग आंब्यासारखंच,” ते म्हणाले, “तोवर धक्का लागू द्यायचा नाही.”