लाखेवरचे गाणे

गोदाघाटावर बुधवारी भरणाऱ्या बाजाराच्या अगदी शेवटास, भाजीवाल्या, केरसुणीवाल्या आणि पाट्यावरवंट्यांचे ढीग ओलांडून जिथे गिऱ्हाइकाची पावले सहसा पोहोचत नाहीत अशा जागी, माझ्या लहानपणी जुन्या जिनसांचे दोन-तीन विक्रेते गोणपाट अंथरून बसत; आणि देवळाली कॅम्पातले एखादे पारशी बिऱ्हाड कायमचे मुंबईस परतले किंवा एखाद्या बंगल्यातील चीजवस्तूचा लिलाव झाला, की पुढच्या बुधवारी त्या गोणपाटावर बिनकाट्यांची घड्याळे, काच फुटलेले कंदील, कोण्या साहेबाच्या नावाची आद्याक्षरे कोरलेले चमचे, आणि क्वचित्, तपकिरी कागदाच्या फाटक्या वेष्टणात गुंडाळलेल्या काळ्या तबकड्या प्रकट होत. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि मालाची बारकाईने पाहणी केल्यावाचून दमडी काढावयाची नाही हा दप्तरातला शिरस्ता ते बाजारातही पाळीत. तबकडी उजेडात तिरपी धरावी, चरे मोजावे, कडेला टिचकी मारून नाद ऐकावा, आणि मग विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याने बोलणे सुरू करावे, असा त्यांचा क्रम ठरलेला असे.

ते शोधीत बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका. परंतु देवळालीच्या पारशाच्या दिवाणखान्यात बालगंधर्व कितीसे असणार? एके बुधवारी बालगंधर्वांच्या एका मुद्रिकेबरोबर चार विलायती तबकड्या घेतल्याखेरीज ती एक मिळणार नाही असे विक्रेत्याने निक्षून सांगितले, आणि केवळ त्या सक्तीमुळे एन्रिको कारुसो नावाचा इटालियन गवई आमच्या दोनखणी घरात, देवघराच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या चावीच्या ग्रामोफोनवर, कायमचा वस्तीला आला.

पुढे कितीतरी वर्षांनी मला असे कळले, की ह्या पाहुण्याला परका म्हणण्याचे तसे काही कारणच नव्हते. त्या काळच्या तबकड्या ज्या द्रव्याच्या बनत त्यात दगडाची भुकटी आणि काजळी यांना बांधून ठेवणारा पदार्थ म्हणजे लाख. आणि ती बहुतांशी आपल्याच देशातून, पळस, बोर आणि कुसुंब यांच्या डहाळ्यांवर पोसलेल्या किड्यांपासून गोळा होऊन, जहाजांनी विलायतेस जात असे. नेपल्सच्या माणसाचा आवाज आमच्या रानातल्या पळसाच्या लाखेवर कोरला जाऊन आमच्याच गावी परत आला होता. कासाराच्या दुकानातील लाखेचे चुडे आणि कारुसोचा कंठ ही एकाच कुळातली भावंडे आहेत, हा विचार मला अजूनही अकारण आनंद देतो.

त्या चार तबकड्यांपैकी एकीवर लेओनकाव्हाल्लोच्या ‘पाल्याच्ची’ या संगीतिकेतील ‘वेस्ती ला जुब्बा’ ही प्रसिद्ध आरिया होती. आरिया म्हणजे, आपल्या भाषेत सांगावयाचे तर, पात्राच्या मुखी येणारे स्वतंत्र पद. तिचा अर्थ आम्हांपैकी कोणालाही ठाऊक नव्हता. अण्णांनी ती पहिल्यांदा लावली तेव्हा मधल्या एका जागी तो गाणारा गातो आहे की हुंदका देतो आहे ते कळेना, आणि अण्णा, जे परभाषेतील कागदावर सही करण्यापूर्वी तीनदा तर्जुमा मागणारे गृहस्थ होते, तर्जुम्यावाचून एकदम म्हणाले, “ह्याच्या घरी काहीतरी घडलंय.” घडलेच होते. कानिओ हा फिरत्या मंडळीतला विदूषक. आपली बायको दुसऱ्यावर जीव टाकते हे त्याला नुकतेच कळले आहे, खेळाची वेळ झाली आहे, लोक जमले आहेत, आणि त्याला तोंडाला पीठ फासून, रंगीत झगा चढवून हसवावयास जायचे आहे.

ह्या प्रसंगावर मराठी माणसाला वेगळे भाष्य नको. सन १९११च्या मार्च महिन्यात मुंबईस किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग लावला, त्याच दिवशी बालगंधर्वांची पहिली मुलगी वारली, प्रयोग पुढे ढकलण्याची तयारी असताना त्यांनी तो होऊ दिला, आणि गोविंदराव टेंब्यांनी चाली बांधलेली ती पदे भामिनीच्या वेषात शालू नेसून गाइली. लेओनकाव्हाल्लोच्या विदूषकाला निदान रडत रडत रंग फासण्याची मुभा होती, आणि त्याच्या रडण्यालाच टाळ्या होत्या. भामिनीला तीही नव्हती. त्या रात्री प्रेक्षकांनी जे ऐकले त्याची तबकडी नाही. आणि असती तरी त्या दुःखाची एक रेघही तिच्यावर उमटली नसती अशी माझी समजूत आहे, कारण बालगंधर्वांचे गाणे दुःख दाखविण्याचे नव्हे, ते लपविण्याचे होते.

ह्या दोन जगांना जोडणारा एक अमेरिकन गृहस्थ होऊन गेला. फ्रेड गायस्बर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा मुद्रक सन १९०२च्या एप्रिलमध्ये मिलानच्या ग्रँड हॉटेलातील एका खोलीत यंत्र मांडून बसला आणि शंभर पौंड बिदागीत त्याने कारुसोची दहा गाणी एका दुपारी उतरवून घेतली. इतकी रक्कम देऊ नये असा लंडनच्या कचेरीचा हुकूम तारेने आला असता त्याने तो बासनात गुंडाळून ठेवला असे सांगतात. कारकुनाचा मुलगा ह्या नात्याने मी ह्या हुकूमउदुलीस मनातून पूर्ण माफी दिली आहे. हाच गायस्बर्ग त्याच वर्षी कलकत्त्यास उतरला आणि नोव्हेंबरात गौहरजान ह्या गायिकेसमोर त्याने तोच कर्णा धरला.

तो कर्णा हीच खरी मख्खी. ध्वनिक्षेपक नव्हता, वीज नव्हती. गाणाऱ्याने पत्र्याच्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून त्यात आवाज ओतावयाचा, त्या आवाजाच्या धक्क्याने पडदा कापावयाचा, आणि पडद्याला जोडलेल्या सुईने मेणावर रेघ ओढावयाची. अशा यंत्रापुढे एक कंठ उभा राहू शके, फार तर त्याच्या पाठीशी दाटीवाटीने कोंबलेले काही वादक. शंभर माणसांचे वृंदगान त्या नळकांड्यात मावणार कसे? सन १९२५मध्ये विजेवर चालणारे मुद्रण सुरू होईपर्यंत ऑपेराच्या महालातून जगभर जे पोहोचले ते मुख्यत्वे एकेकट्या माणसाचे गाणे होते. आणि तबकडीच्या एका बाजूस तीन-चार मिनिटांचीच पेणी. गाण्याची कोणती जात जगात मिरवेल याचा निवाडा असा रसिकांच्या दरबारी न होता पत्र्याच्या कर्ण्याने केला.

आमच्याकडे त्याचा परिणाम अधिक विलक्षण झाला. ज्या बालगंधर्वांच्या एका पदाला तीन-तीन वेळा ‘वन्स मोअर’ मिळून नाटक पहाटेपर्यंत लांबे, त्यांचे तेच पद तबकडीवर येताना तीन मिनिटांत दुमडून घ्यावे लागले. आरियाचे तसे नाही. पुच्चिनीसारख्या संगीतकाराने तिची मात्रा न् मात्रा कागदावर लिहून ठेवलेली. गाणाऱ्याचे काम तो सनदी मजकूर बिनचूक वाचण्याचे, आणि वाचता वाचता आपला प्राण त्यात घालण्याचे. आमच्या नाट्यपदात मात्र लेखी मजकूर म्हणजे निव्वळ आराखडा, इमारत गवयाने उभी करावयाची. म्हणून आरियाची जुनी तबकडी ऐकताना मूळ वस्तूच हाती आल्यासारखे वाटते, आणि बालगंधर्वांची तबकडी ऐकताना, कितीही सुंदर असली तरी, मोठ्या वाड्याचा दिंडीदरवाजा तेवढा पाहून परत फिरल्यासारखे वाटते. माझे हे मत नाट्यसंगीताच्या भक्तांना रुचत नाही. मुंबईच्या ज्या रॉयल ऑपेरा हाउसचे उद्‍घाटन सन १९११मध्ये पंचम जॉर्ज बादशहांनी केले, तिथेही पुढे बालगंधर्व गाऊन गेले आहेत. वास्तूच्या नावाचा आणि आतल्या गाण्याचा असा सुखाचा बेबनाव दुसऱ्या देशात सापडणे कठीण.

‘तोस्का’ ऐकताना मात्र मला मुंबई आठवत नाही, नाशिकच आठवते. मारिया कॅलास, दि स्तेफानो आणि तितो गोब्बी यांनी व्हिक्टर दे साबाता यांच्या नेतृत्वाखाली ला स्काला येथे सन १९५३मध्ये केलेले त्या संगीतिकेचे मुद्रण जाणकार आजही आदर्श मानतात. त्यात दुसऱ्या अंकात तोस्का ही गायिका, जन्मभर कला आणि प्रेम यांसाठीच जगलेल्या, कोणाचे वाईट न केलेल्या मला देवाने हे फळ का द्यावे, अशी विचारणा करीत ‘व्हिस्सी दार्ते’ गाते; आणि थोड्याच वेळात, प्रियकराच्या सुटकेचा परवाना लिहून देणाऱ्या स्कार्पिया ह्या पोलिसांच्या मुख्याधिकाऱ्याला भोसकते. कॅलासचा आवाज गोड नव्हे. त्याला धार आहे, आणि वरच्या पट्टीत तो क्वचित् थरथरतोही. परंतु त्या विचारणेत तिने जो एक दबलेला श्वास घेतला आहे तो ऐकला की मला आमचे विजयानंद नाट्यगृह दिसू लागते. सन १९०९, डिसेंबरची २१ तारीख. बदली झालेल्या जॅक्सन ह्या कलेक्टराच्या निरोपाप्रीत्यर्थ किर्लोस्कर मंडळीचा ‘शारदा’चा खेळ, साहेब संस्कृताचा व्यासंगी, आणि प्रेक्षागृहात दबा धरून बसलेला अनंत कान्हेरे नावाचा पोरसवदा विद्यार्थी. तोस्काच्या शेवटी खोट्या म्हणून झाडलेल्या गोळ्या खऱ्या निघतात. विजयानंदात खोट्याला जागाच नव्हती; कान्हेऱ्याच्या गोळ्यांनी जॅक्सन ठार झाला. पुढच्या एप्रिलात कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. लहानपणी त्या थिएटरावरून जाताना अण्णा आवाज खाली आणीत, आणि सरकारी नोकर असल्याने तो इतिहास पूर्ण कधी सांगत नसत.

आमच्या घरातल्या बायकांच्या फडताळात ऑपेरा निराळ्याच वाटेने शिरला होता, पण त्याची दखल कोणी घेतली नव्हती. टाटांनी सन १९५२मध्ये काढलेल्या सौंदर्यप्रसाधनांना जे ‘लॅक्मे’ हे नाव दिले ते फ्रेंच संगीतकार देलीब याच्या नायिकेचे. ती हिंदुस्थानातल्या ब्राह्मणाची मुलगी, आणि तिचे नाव म्हणजे फ्रेंच जिभेवर लोळलेली आपली लक्ष्मीच. लक्ष्मी परदेशी जाऊन पावडरच्या डबीतून घरी परतली! तिची घंटांची आरिया मात्र मी दोनदा ऐकून सोडून दिली. गळ्याची ती कसरत मला सर्कशीतील झोक्यासारखी वाटते. त्यापेक्षा ‘तुरांदोत’मधील ‘नेसुन डोर्मा’, तेही पाव्हारोत्तीने सन १९७२मध्ये गाइलेले, मी आनंदाने ऐकतो, आणि त्या मुद्रणाचे संचालन मुंबईत पारशी घरात जन्मलेल्या झुबिन मेहतांनी केले आहे हे कळल्यापासून अंमळ अधिक आनंदाने. देवळालीच्या पारशांचे जुने ऋण ह्या निमित्ताने थोडे फिटले असे समजतो. त्या आरियाच्या मध्यावर दूरवरून स्त्रियांचा एक वृंद क्षणभर ऐकू येतो आणि विरतो. माझा जीव त्या विरणाऱ्या वृंदात अडकतो, कारण वृंदगानाची गोडी मला पाव्हारोत्तीच्या फार आधी लागली होती.

ती लावली चौथ्या तबकडीने. तिच्यावरचा कागद ओलीने सुटून गेलेला असल्यामुळे आत काय आहे ते कोणास ठाऊक नव्हते. चावी दिली, सुई टेकली, आणि एका माणसाच्या गाण्याला सरावलेल्या आमच्या घरात एकाएकी शेकडो माणसे शिरली. ती व्हेर्दीच्या ‘नाबुक्को’तील ‘व्हा, पेन्सिएरो’ असल्याचा उलगडा मला कॉलेजात गेल्यावर झाला: सन १८४२मध्ये मिलानला प्रथम गाइले गेलेले, युफ्रेटिसच्या काठी बंदिवान होऊन बसलेल्या ज्यूंचे मायभूमीच्या आठवणीचे गाणे, सन १९०१मध्ये व्हेर्दीचा देह कायमच्या विश्रांतिस्थानी नेताना तोस्कानीनीने अफाट वृंदाकडून गाऊन घेतलेले. इतर विलायती वृंदगाने मी नंतर पुष्कळ ऐकली, पण त्यांत चार स्वरपंक्ती चार दिशांनी धावतात आणि आपला कान, ज्याला एका वेळी एकच धागा धरण्याची सवय, चौरस्त्यावर उभ्या राहिलेल्या खेडुतासारखा भांबावतो. हे मात्र पहिल्याच दिवशी कळले. कारण ह्यात सगळी माणसे पुष्कळ वेळ एकच स्वर धरून चालतात. खुद्द रोसिनीने ह्याला सर्व आवाजांनी मिळून गाइलेली एक थोर आरिया म्हटल्याचे सांगतात. विष्णू दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढून ज्या गावाला रामधून शिकविली, त्या गावच्या पोराला ह्या गाण्याची वेगळी दीक्षा कशाला हवी होती?

आणि माझ्याही आधी ते आजीला कळले. ती दरसाल पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेस नाशकाहून त्र्यंबकेश्वरापर्यंत पायी जात असे, आणि त्या वेळी उंबऱ्यापाशी बसून वाती वळीत होती. हात थांबवून तिने विचारले, “कुठं निघालीत रे ही माणसं?” अण्णा म्हणाले, कोणास ठाऊक, भाषा कळत नाही. “भाषा कशाला हवी? इतकी माणसं एका सुरात गातात ती पायी निघाल्यावरच.”

पुढे मी कॉलेजातून अर्थ शोधून आणला आणि मोठ्या फुशारकीने तिला सांगावयास बसलो, की आजी, ती निघालेली नाहीत. ती कैदेत आहेत, परमुलखात एका मोठ्या नदीच्या काठी बसवून ठेवलेली आहेत, आणि घर आठवून गात आहेत. तिला आता कमी ऐकू येत असे. मला सगळे दोनदा सांगावे लागले. तिने वात तळहातावर पुरती वळून घेतली.

“नदी आहे ना जवळ?” ती म्हणाली. “मग सकाळची आंघोळ तरी चुकत नसेल हो त्यांची. लाव बघू पुन्हा.”