काझीसाहेबांच्या दप्तरातलं गाव

जोतिबाच्या डोंगरावर चैत्र यात्रेला येणारे भाविक आपापल्या ठरलेल्या पुजाऱ्याच्या घरी उतरतात. गाव आणि आडनाव सांगितलं की पुढची ओळख निघते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. माझं माहेर या डोंगराच्या पायथ्याशी. त्यामुळे मला लहानपणापासून प्रश्न पडायचा, आम्हा मुसलमानांच्या पणजोबांचं नाव कुणाच्या वहीत असेल?

भावाच्या मुलीची जात पडताळणी करायची वेळ आली आणि हा प्रश्न अंगावर आला. आम्ही पिंजारी. राज्याच्या ओबीसी यादीत पिंजारी, नदाफ, मन्सुरी आहेत. पण पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा लागतो. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात जातीच्या रकान्यात एकच शब्द होता, 'मुसलमान'. धर्म लिहिला गेला, जात राहिली. हा अनुभव आपल्यातल्या कितीतरी घरांचा असेल.

दुसरी वाट होती कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीबरोबर जातही असते. पण ही बुकं गाववार. गावच माहीत नसेल तर कुठलं बुक उघडायचं? घरात एवढंच ऐकलेलं, 'आपले लोक वारणेच्या पलीकडून आले.'

त्याच दिवसांत आयर्लंडमधल्या चर्चच्या वह्यांविषयी वाचलं. दुष्काळात देश सोडून अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांच्या नातवंडा-पतवंडांची अडचण हुबेहूब आमच्यासारखी. त्यांच्या घरच्या कागदावर नुसतं 'आयर्लंड' लिहिलेलं. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या पॅरिशवार, त्यामुळे आधी पॅरिश शोधावी लागते. ती सापडली की बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव, आईचं बहुधा माहेरच्या आडनावासह आणि साक्षीला उभ्या राहिलेल्यांची नावं मिळतात. सरकारी जन्मनोंदणी तिथे १८६४ साली सुरू झाली. त्याआधीच्या गरीब माणसाचा पत्ता बहुधा या वह्यांतच.

त्या वह्या वाचल्या कशा, हेही ऐकण्यासारखं आहे. सरकारमान्य प्रोटेस्टंट चर्चच्या पुष्कळ वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्यात ठेवल्या होत्या. जून १९२२ मध्ये यादवी युद्धात तो दप्तरखाना जळाला आणि त्यातल्या बहुतेक वह्यांची राख झाली. कॅथलिक वह्या सरकारने आपल्या मानल्याच नव्हत्या, त्या गावोगावच्या चर्चमध्ये राहिल्या आणि वाचल्या. २०१५ साली तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची साडेतीन लाखांहून जास्त पानं इंटरनेटवर फुकट खुली केली.

मग लक्षात आलं, आपल्याकडे काझीसाहेबांचं निकाहाचं दप्तर आहेच की! दुल्ह्याचं नाव, वल्दियत, साकिन. दुल्हनचं नाव आणि तिच्या वडिलांचं. वकील, दोन गवाह, मेहर.

भावाला घेऊन मी एका जुन्या जमातीच्या दप्तरापर्यंत पोचले. पत्र्याची पेटी, वर कापडात बांधलेली रजिस्टरं. दोन रजिस्टरं वाळवीने जाळी करून टाकलेली. तिसऱ्यात हिजरी १३५०, म्हणजे १९३१ सालच्या पानावर आजोबांचा निकाह सापडला. शिकस्ता वळणाचं उर्दू, पण 'साकिन' या शब्दापुढे गावाचं नाव स्वच्छ लिहिलेलं. वारणेपलीकडचंच.

पुढचं काम तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात झालं. त्या गावच्या कोतवाल बुकात पणजोबांच्या नावाने एका मुलाच्या जन्माची मोडीतली नोंद निघाली. मोडी वाचणाऱ्या गुरुजींनी बोट ठेवून दाखवलं, 'पिंजारी.' भाचीचं प्रकरण त्या कागदासह समितीपुढे गेलं आहे.

मला मात्र दुसरंच काही मिळालं. सरकारी नोंदीत फक्त बाप होता. निकाहाच्या पानावर दादीचं नाव होतं आणि तिच्या अब्बांचंही. घरात सगळे तिला 'बड़ी माँ' म्हणत, तिचं खरं नाव माझ्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं. मेहर ५१ रुपये.

ही दप्तरं खेड्यात राहिली म्हणून वाचली, आणि खेड्यातच वाळवी खाते आहे. आज निदान मोबाईलवर त्यांचे फोटो काढता येतात. जमातीच्या जबाबदार माणसांनी परवानगी द्यावी, उर्दू जाणणाऱ्या शिक्षकांनी रविवारचे दोन तास द्यावेत, पानाखाली मराठीत नावं लिहावीत. आमच्या शाळेतल्या उर्दू शिकणाऱ्या पोरांकडून मी हे काम सुरू केलं आहे. पहिलं रजिस्टर १९५२ चं, ८४ पानांचं. ३१ पानं झाली.