घोड्याच्या टापांखालचा शिक्का

येवगेनी लान्सरे (१८४८–१८८६) या रशियन शिल्पकाराचे कोझॅक स्वार आजही लिलावात मोठी बोली खेचतात. घोडा टेबलावर मावेल एवढा असतो, पण त्याचा लगाम, खोगीर आणि स्वाराच्या अंगरख्याची घडीही स्पष्ट दिसते. जाणकार मात्र या सौंदर्यावर लगेच भुलत नाही. तो शिल्प हळूच कलते करून बैठक पाहतो. तिथे सेंट पीटर्सबर्गच्या शोपेन किंवा व्योर्फेल या ओतशाळेचा शिक्का आहे का? लान्सरेच्या मृत्यूनंतर त्याच्या शिल्पांच्या नकला पुष्कळ निघाल्या. त्यामुळे शिल्प कोणी घडवले याइतकेच ते कोणत्या भट्टीत ओतले गेले, यावर त्याचे मोल ठरते.

हाच प्रश्न मुंबईच्या अश्वारूढ पुतळ्यांना विचारून पाहावा.

पहिला अर्थातच काळा घोडा. १८७५ साली युवराज एडवर्ड (पुढे सातवा एडवर्ड) मुंबईत आला. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी शहराला हा पुतळा दिला आणि १८७९ मध्ये तो उभा राहिला. शिल्पकार जोसेफ एडगर बोम, जन्माने व्हिएन्नाचा आणि कर्माने लंडनचा. पैसा मुंबईच्या व्यापाराचा. चौक, ऊन, पाऊस मुंबईचे. पण कलाकृती तयार होऊन बोटीने आली. मुंबईकरांनी स्वाराची फारशी दखल घेतली नाही. गणवेशातला युवराज वर बसलेला असूनही नाव पडले ते घोड्याचे! १९६५ साली पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला गेला, तरी चौकाचे नाव गेले नाही. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, तो स्वाराविना.

आता १९२१ कडे वळू. त्या वर्षी या एडवर्डचा नातू, तोही युवराज आणि तोही एडवर्ड, १७ नोव्हेंबरला मुंबईत उतरला. त्याच दिवशी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी पेटली होती आणि शहरात दंगल उसळली. दोनच दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, याच युवराजाच्या हस्ते पुण्यात शिवस्मारकाची कोनशिला बसली. पुढाकार कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा. बहिष्काराच्या त्या दिवसांत हे अनेकांना रुचले नाही. पण साम्राज्याच्या वारसालाच शिवछत्रपतींपुढे उभे करण्यात जी मुत्सद्देगिरी होती, तिला केवळ राजनिष्ठा म्हणणे उथळपणाचे ठरेल. मे १९२२ मध्ये महाराज निवर्तले. पुतळा त्यांना पाहता आला नाही.

तो घडवला विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांनी. अलिबागजवळच्या सासवन्याचा हा मुलगा. त्याने रेखाटलेले चित्र पाहून कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडले होते. अश्वारूढ पुतळा ओतणे हे शिल्पकाराच्या धैर्याची परीक्षा पाहणारे काम. मातीच्या प्रतिमेवरून साचा होतो आणि त्यात तांबे-कथलाचा वितळलेला रस सोडला जातो. रस मध्येच थिजला, साच्यात हवा अडकली किंवा ओल राहिली, तर अनेक महिन्यांचे श्रम एका क्षणात वाया जातात. अशी कामे विलायतेत करून घेण्याचा तेव्हाचा शिरस्ता होता. करमरकरांचा शिवाजी मात्र मुंबईतच, माझगाव गोदीत ओतला गेला. तिथल्या भट्ट्या एरवी जहाजांच्या कामाच्या आणि तिथले हात गोदी कामगारांचे.

पुढे त्याला रेल्वेने पुण्यास न्यायचे, तर घाटातल्या बोगद्यांतून स्वाराचे मस्तक सुखरूप पार होईल की नाही, याचीच सर्वांना धास्ती होती, असे सांगतात. १६ जून १९२८ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी पुतळ्याचे अनावरण केले. शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या प्रांगणात तो आजही उभा आहे.