तीन दिवसांत चांदा-गडचिरोली

सुटीचे तीन दिवस हाती आले आणि घरी नकाशा पसरला. मुलांना ताडोबाचा वाघ हवा, आईला मार्कंड्याचा महादेव आणि मला भामरागड, जिथे पर्लकोटा, पामुलगौतमी नि इंद्रावती भेटतात. कागदावर सारे एका वितीत बसले!

पण वितीचा हिशेब रानात चालत नाही. पहिला दिवस चंद्रपूरचा : गोंड राजांचा परकोट आणि महाकाली. दुसरा ताडोबाचा, मात्र तो मंगळवार नसावा, त्या दिवशी गाभ्याचे जंगल बंद असते. पहाटेची फेरीही आधीच राखून ठेवावी. तिसरा मार्कंड्याचा. भामरागडला, वाटेवरच्या हेमलकशासह, निराळे दोन दिवस हवेत. मी निमूटपणे त्यावर काट मारली.

वाघ काही दिसला नाही. मुले रुसली.

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते. दुखऱ्या गुडघ्यांनी आई पायरीवर टेकली ती तासभर हलली नाही. मी घड्याळ पाहिले नाही; पुढे कुठे पोचायचेच नव्हते.

"काशी राहिली होती रे माझी," ती म्हणाली, "आता नाही गेले तरी चालेल."

भामरागड कुठे पळून जात नाही.