चौथी सीडी

मागच्या शनिवार-रविवारी वीस वर्षांहून जुनं एक काम हातावेगळं केलं. काम म्हणजे काय, तर 'द लेजंड ऑफ ड्रॅगून' हा गेम संपवला. हसू नका!

बहुतेकांनी नावही ऐकलं नसेल. जपानी रोल-प्लेइंग गेम म्हटलं की लोक थेट 'फायनल फँटसी'वर येतात. सोनीचा हा चार सीड्यांचा गेम जपानमध्ये डिसेंबर 1999 ला आला, अमेरिकेत 2000 साली. चाहते मिळाले, पण फायनल फँटसीच्या सावलीतून काही बाहेर पडला नाही. पुढचा भागही कधी आला नाही.

आमच्याकडे तो 2003 च्या उन्हाळ्यात आला. आमच्याकडे म्हणजे अकोल्याला, मावशीकडे. आम्ही अमरावतीचे. परीक्षा संपली की बडनेऱ्याला गाडीत बसायचं आणि मूर्तिजापूर गेलं की सामान काढून दारात उभं राहायचं. मावसदादाकडे सेकंडहँड प्लेस्टेशन होता. सीड्या अर्थातच कॉपी केलेल्या, आता लपवायचं काय? बाहेर 45 डिग्री, आत कूलरची घरघर. दादा बटणं दाबायचा, मी मांडीवर डिक्शनरी घेऊन इंग्रजी संवादांचा अर्थ लावायचो. कधीकधी मलाही खेळायला मिळायचं.

गेमची खरी ताकद म्हणजे लढाई. अशा बऱ्याच गेम्समध्ये 'अटॅक' निवडला की आपण हाताची घडी घालून बसायचं. इथे 'अॅडिशन' असतात. वार चालू असताना एक चौकोन फिरत येऊन दुसऱ्या चौकोनावर बसतो, नेमक्या त्याच क्षणी बटण दाबायचं. चुकलात की वार अर्धवट. शत्रू मध्येच उलटला तर चौकोनाचा रंग बदलतो, तेव्हा दुसरं बटण. एकेक अॅडिशन पूर्ण पिकवायला ती 80 वेळा बिनचूक जमावी लागते. मी कायम आधीच दाबायचो.

"अबे, घाई कायले करतं? येऊ दे ना त्याले!" दादा ओरडायचा. आजही रिलीजच्या दिवशी एंटर दाबायच्या आधी मला हेच वाक्य ऐकू येतं.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे 'गार्ड'. नुसतं सावरून उभं राहिलं तरी बसणारा मार निम्मा होतो आणि वर 10 टक्के जीव परत मिळतो. दम खाणं हीसुद्धा एक चाल आहे, हे मला फार पटलं होतं.

आता उणिवा. बॅगेत फक्त 32 वस्तू मावतात. जादूची लांबलचक अॅनिमेशन्स दर वेळी तीच. वाट्टेल तिथे सेव्ह करता येत नाही, आणि त्यात अकोल्याचं लोडशेडिंग! दोन तासांची मेहनत एका क्षणात अंधारात. इंग्रजी भाषांतरही भोंगळ. माझी डिक्शनरी कमी पडत नव्हती हे कळायला मला नोकरी लागावी लागली.

पण सगळ्यात मोठी उणीव वेगळीच. (खेळायचा असेल तर इथेच थांबा.) पहिल्याच सीडीत लॅविट्झ मरतो. नायकाचा जिवलग दोस्त, भालेवाला, दादाचा सगळ्यात लाडका. आणि तो जातो न जातो तोच राजा अल्बर्ट त्याच्या जागी येतो. तोच भाला, तीच हिरवी ड्रॅगूनची शक्ती, त्याच अॅडिशन, लेव्हलसुद्धा तीच. रडायलाही फुरसत नाही. "हे काय बे, नुसतं नाव बदललं!" दादा जाम चिडला होता.

मेच्या शेवटी दादाचे बाबा, आमचे काका, अचानक गेले. त्यांचं कृषी केंद्र होतं. तेरवी झाली आणि मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठी गर्दी सुरू झाली. एकोणीस वर्षांचा दादा त्याच खुर्चीवर बसला. तीच उधारीची वही, तीच गिऱ्हाइकं. तीन सीड्या आमच्या खेळून झाल्या होत्या. चौथी मी एकट्याने लावून पाहिली, तर चालेचना. दादाला सांगितलंही नाही.

गेममधली ती उणीव मी आजही उणीवच म्हणेन. कथा लिहिणाऱ्याच्या हातात वेळ असतो, त्याने तो द्यायला हवा होता. पण "असं कुठं असतं?" असं मात्र आता म्हणवत नाही.

2023 मध्ये सोनीने हा गेम पीएस 4 आणि पीएस 5 वर पुन्हा आणला. मी तो आत्ता घेतला आणि शनिवारी रात्री चौथ्या सीडीच्या भागात पोचलो. तिथे मेफिल नावाचं मृतांचं शहर आहे. आणि तिथे लॅविट्झ भेटतो! अल्बर्टही समोर असतो.

सकाळी दादाला फोन लावला.

"दादा, लॅविट्झ भेटला."

"कोणता बे?" मग जरा वेळ काहीच नाही. "चौथ्या सीडीत होता?"

"हो."

"मंग, काय म्हणे?"

मी वाचून दाखवलं. तो नुसता "हं" म्हणाला. "गिऱ्हाईक हाय, ठेवतो."

रात्री साडेनऊला त्याचाच फोन आला.

"वाच बरं पुन्हा."